जगात जर्मनी, एसओपीत परभणी

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण आपल्या जिल्ह्यात शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही पाठ असते. बाहेरगावच्या मुलांना फर्स्ट इयरला ती ऐकून हसू येतं आणि फायनल इयरपर्यंत तीच मुलं ती छाती फुगवून म्हणायला लागतात. गंमत म्हणजे आपल्या होस्टेलवर ही म्हण आता शब्दशः खरी व्हायला लागली आहे. फायनल इयरच्या कुठल्याही खोलीत डोकावून बघा. भिंतीवर जर्मन विद्यापीठांची यादी, टेबलावर जीआरईचं पुस्तक आणि लॅपटॉपवर ‘एसओपी फायनल फायनल २’ अशा नावाची फाईल!

फर्स्ट इयरच्या मंडळींसाठी सांगते. एसओपी म्हणजे स्टेटमेंट ऑफ पर्पज. परदेशात एमएस किंवा पीएचडीला अर्ज करताना मार्कांबरोबर एक-दोन पानांचं निवेदन द्यावं लागतं. मला हाच विषय का शिकायचा आहे, आजवर मी त्यात काय केलं, पुढे काय करणार आणि त्यासाठी तुमचाच कोर्स का हवा, हे त्यात लिहायचं. जर्मनीत साधारण याच कागदाला मोटिव्हेशन लेटर म्हणतात. म्हणजे प्रश्न एकूण चार. पहिले तीन आपल्याबद्दलचे, चौथा त्यांच्याबद्दलचा. आणि आपण मार खातो तो नेमका या चौथ्या प्रश्नात.

हे मी अधिकारवाणीनं सांगते आहे असं वाटेल, म्हणून आधी कबुली देते. मी थर्ड इयरला आहे, स्वतःचा एकही अर्ज अजून केलेला नाही. पण गेल्या दोन वर्षांत अकरा जणींच्या एसओपी माझ्या हातून गेल्या. कारण एकच, मी कॉन्व्हेंटची! होस्टेलवर कॉन्व्हेंटची मुलगी म्हणजे इंग्रजीची गिरणी. कुणीही डबा घेऊन यावं आणि दळण नेऊन जावं. “अगं दे की लिहून, काय एवढा भाव खायलीस!” असं कुणी म्हटलं की मी विरघळायची. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. गणेशोत्सवाच्या फळ्यावर माझं मराठी शुद्धलेखन पाहून खो खो हसणाऱ्या मुली रात्री अकरा वाजता माझ्या दारात उभ्या राहायच्या. सूड म्हणा, समाधान म्हणा...

अकरा जणींना अकरा वेळा नवीन कोण लिहिणार? मी एक साचा तयार केला. सुरुवात, ‘लहानपणापासून मला यंत्रांचं आकर्षण होतं.’ मध्ये, ‘आजच्या वेगानं बदलणाऱ्या जगात...’ आणि शेवटी, ‘आपल्या नामवंत विद्यापीठातील जागतिक दर्जाचे प्राध्यापक आणि अद्ययावत प्रयोगशाळा...’ सत्यनारायणाच्या पूजेत गुरुजी गोत्राच्या जागी जरा थांबतात आणि यजमानानं आपलं गोत्र सांगायचं असतं, तसं माझ्या साच्यात फक्त विद्यापीठाच्या नावाची जागा मोकळी होती. पूजा तीच, यजमान बदलत राहिले.

त्यातल्याच एक, आमच्या होस्टेलच्या इलेक्ट्रिकलच्या ताई. गाव गोदाकाठी, घरची कोरडवाहू जास्त आणि बागायत थोडी. तिनं सात विद्यापीठं निवडली होती, चार अमेरिकेतली आणि तीन जर्मनीतली. मी एसओपी एकच लिहिली, तिनं ती सात ठिकाणी चिकटवली. अमेरिकेतल्या एका अर्जाची फी शंभर डॉलरच्या आसपास असते. आपल्या हिशेबात साधारण एक क्विंटल कापूस. प्रत्येक अर्जाचे पैसे भरताना ती म्हणायची, “हा गेला एक क्विंटल.” मी हसायची. चार क्विंटल कापूस माझ्या साच्यावर गेला हे माझ्या तेव्हा लक्षातसुद्धा आलं नाही.

सातही ठिकाणांहून नकार आला. नकाराचं कारण विद्यापीठं सहसा सांगत नाहीत. मार्क असतील, जागा कमी असतील, नशीब असेल. सगळा दोष एसओपीचा असं मी म्हणणार नाही. पण नंतर फाईली उघडून बघितल्या तर एका अर्जात शेवटच्या ओळीत दुसऱ्याच विद्यापीठाचं नाव राहून गेलेलं! लग्नपत्रिकेवर शेजारच्या नवरदेवाचं नाव छापून यावं तसं. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो.

त्या उन्हाळ्यात एकदा लाईट गेली म्हणून आम्ही गच्चीवर जाऊन बसलो होतो. बोलता बोलता तिनं तिच्या फायनल इयर प्रोजेक्टची गोष्ट सांगितली. तिच्या गावाला शेतीची लाईट पाळीनं येते, कधी दिवसा तर कधी रात्री. रात्री दोनला उठून विहिरीवर कोण जाणार? म्हणून सगळ्यांनी स्टार्टरला ‘ऑटो’ बसवलेला. लाईट आली की मोटर आपोआप चालू. सोय झाली, पण एका डीपीवरच्या (व्हॉट्सॲपवरचा नव्हे, शेतातला ट्रान्सफॉर्मर!) सगळ्या मोटरी एकाच क्षणी सुरू व्हायला लागल्या. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, हे आपण मशीन्सच्या पेपरात लिहितो. तिच्या गावात ते पेपरात नाही, डीपीवर घडत होतं. डीपी जळायची, आणि दुरुस्त होऊन येईपर्यंत उभा गहू वाळायचा. हिनं काय केलं, तर प्रत्येक ऑटोला एक छोटं सर्किट जोडलं. कुणाची मोटर दहा सेकंदांनी, कुणाची वीस, कुणाची तीस. शिवाय व्होल्टेज कमी असेल तर थांबायचं. घरच्या आणि भावकीच्या मिळून पाच मोटरींवर बसवलं आणि टाँग टेस्टर लावून रात्रीच्या पाळीत स्वतः रीडिंग घेतलं. बॅटरी धरायला धाकटा भाऊ.

मी थक्क झाले. म्हटलं, “ताई, हे तू मला आधी का नाही सांगितलंस?”

ती म्हणाली, “तू विचारलंस कुठं?”

हे तीन शब्द मला अजून टोचतात. माझ्या गुळगुळीत इंग्रजीत तिचं ‘लहानपणापासूनचं आकर्षण’ होतं, पण डीपी नव्हती. रात्रीचं रीडिंग नव्हतं. बॅटरी धरणारा भाऊ तर नव्हताच. जे जगात फक्त तिच्याकडे होतं तेवढंच मी वगळलं होतं आणि जे सगळ्यांकडे असतं तेवढं छान अक्षरात लिहून दिलं होतं.

आता मुद्द्याचं. प्रत्येक विद्यापीठाला वेगळी एसओपी लिहा असं सगळेच सांगतात. पण वेगळी म्हणजे काय? नाव बदलणं म्हणजे वेगळी नव्हे. त्यांच्या वेबसाईटवरून दोन प्राध्यापकांची नावं उचलून घालणं म्हणजेही वेगळी नव्हे. वेगळी म्हणजे, त्यांचा कोर्स खरोखर वाचायचा आणि मग स्वतःला विचारायचं की माझ्या कामातली कोणती बाजू यांना कळेल, उपयोगी पडेल.

ताईचाच प्रोजेक्ट घ्या. पॉवर सिस्टिम्सच्या कोर्सला लिहायचं असेल तर गोष्ट डीपीपासून सुरू होईल. एका ट्रान्सफॉर्मरवर किती भार, सगळ्या मोटरी एकदम सुरू झाल्या तर व्होल्टेज किती पडतं, वेळ पुढेमागे केल्यावर काय फरक पडला. एम्बेडेड सिस्टिम्सच्या कोर्सला हीच गोष्ट सर्किटपासून सुरू होईल. शेतात इंटरनेट नाही, मोटरी एकमेकींशी बोलू शकत नाहीत, तरी त्यांनी रांगेत कसं उभं राहायचं? आणि पाणी व्यवस्थापनाच्या कोर्सला ती पिकापासून सुरू होईल. पिकाला तहान लागते तेव्हा नाही, लाईट येते तेव्हा पाणी दिलं जातं. मग जास्तीचं पाणी कुठे जातं? आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तिथे ओलावा मोजणारा सेन्सर मातीला चिकटून राहतच नाही, मग मोजायचं कसं?

मुलगी एक, मोटर एक, डीपी एक. तीन एसओपी, आणि तिन्ही खऱ्या! एकीतही खोटं वाक्य नाही.

देशादेशाप्रमाणेही फरक पडतो. जर्मनीत बहुतेक ठिकाणी तुम्ही बी.ई.ला कोणते विषय किती शिकलात हे त्यांच्या कोर्सशी ताडून पाहतात. तिथे बालपणाच्या आठवणींपेक्षा ‘मी हे विषय केले आहेत, तुमच्या पहिल्या सेमिस्टरचे हे विषय त्याच्यावर उभे राहतील’ हे सांगणं जास्त कामाचं. अमेरिकेत पीएचडीला अर्ज करत असाल तर वाचणारे प्रत्यक्ष प्राध्यापक असतात आणि त्यांना पुढची काही वर्षं तुमच्याबरोबर काढायची असतात. साहजिकच त्यांना तुमचा प्रश्न काय आहे ते ऐकायचं असतं. नुसत्या कोर्सवर्कच्या एमएसला एवढं संशोधन मागत नाहीत, पण दिशा मागतात. बर्कलेसारख्या ठिकाणी तर दोन वेगळे कागद असतात, एक शिक्षणाच्या हेतूचा आणि एक तुमच्या आयुष्याचा. घरची परिस्थिती दुसऱ्या कागदावर लिहायची, पहिल्यावर नाही. हे न वाचता दोन्हीकडे तेच चिकटवणारे महाभाग मी पाहिले आहेत. (एकीला मीच चिकटवून दिलं होतं. असो.)

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, “दहा ठिकाणी दहा एसओपी लिहायला वेळ कुठाय? सबमिशन, प्रोजेक्ट, प्लेसमेंट...” वेळ नाही हे खरंच आहे. पण सगळं दहा वेळा लिहायचं नसतं. तुम्ही काय केलं हा मधला भाग बहुतेक तसाच राहतो. बदलते ती सुरुवात, कशावर जोर द्यायचा ते, आणि शेवटचा ‘तुम्हीच का’ हा परिच्छेद. तो परिच्छेद लिहायला दोन तास बसूनही काही सुचत नसेल तर त्याचा अर्थ सरळ आहे. त्या कोर्सचं आणि आपलं काही नातं नाही. तो अर्ज करूच नका. एक क्विंटल कापूस वाचला! दहाऐवजी चार अर्ज करा, पण नीट करा.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. आमच्या मेसमध्ये एकानं तो घेतला होता. “म्हणजे ज्याला जे आवडतं ते त्याला सांगायचं. हा दांभिकपणा नाही का?” मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. नंतर ते सापडलं, आणि तेही शाळेत पाठ केलेल्या एका नावात. डॉ. आनंदीबाई जोशी.

आनंदीबाईंच्या घरातून अमेरिकेला गेलेली दोन पत्रं बघा. पहिलं १८७८ सालचं, त्यांचे पती गोपाळराव यांनी लिहिलेलं. तेव्हा ते कोल्हापूरला पोस्टात होते. पत्र लिहिलं रॉयल वाइल्डर या मिशनऱ्यांना. पत्नीला शिकवायचं आहे, आणि मलाही तिकडे एखादी नोकरी मिळेल का, असा त्याचा सूर. वाचणारा धर्मप्रसारक, त्यामुळे उत्तरही त्याच्या दुकानातलं आलं. ख्रिस्ती व्हावं, असं. वाइल्डर यांनी हा पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला. तो न्यू जर्सीतल्या श्रीमती कार्पेंटर यांच्या वाचनात आला, त्यांनी आपणहून आनंदीबाईंना पत्र लिहिलं, आणि पुढची वाट उघडली ती या मैत्रीमुळे.

दुसरं पत्र जून १८८३ चं, स्वतः आनंदीबाईंनी अमेरिकेत पोहोचल्यावर लिहिलेलं, फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियाला. हे कॉलेज १८५० साली स्त्रियांना डॉक्टर करण्यासाठीच निघालेलं. आनंदीबाई तेव्हा अठरा वर्षांच्या, आपल्या फर्स्ट इयरच्या मुलींएवढ्या. त्या पत्रात त्या सरळ सांगतात की तुमच्या सगळ्या अटी मी कदाचित पूर्ण करत नसेन, पण माझं प्रकरण वेगळं आहे, ते ध्यानात घ्या. माणसांचा आणि जातीचा विरोध पत्करून मी इथवर आले, तोच निश्चय मला पुढे नेईल. आणि हेतू काय? माझ्या देशातल्या स्त्रिया पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांना औषधोपचार मिळावेत. मला स्वतःसाठी काही नको, या कामाला लायक होण्यापुरतं शिक्षण द्या.

आता हे पत्र आपल्या चार प्रश्नांना लावून बघा. का, काय केलं, पुढे काय आणि तुम्हीच का, चारही उत्तरं त्यात आहेत. स्वतःची उणीवसुद्धा लपवलेली नाही. आणि स्त्रियांना डॉक्टर करणाऱ्या कॉलेजला स्त्री-डॉक्टरची गरज समजावून सांगितली आहे. कॉलेजला जे देता येत होतं आणि आनंदीबाईंच्या देशाला जे हवं होतं, ते एकाच वाक्यात येऊन भेटलं. त्यांना प्रवेश मिळाला. ११ मार्च १८८६ ला त्या एम.डी. झाल्या. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. म्हणजे फिलाडेल्फियाला जाऊन विषय मात्र घरचा! पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ ला, त्या पुण्यात गेल्या. वय एकवीस. मी वीस वर्षांची आहे. त्या तारखेवर नजर गेली की पुढचं काही वाचवत नाही.

पण माझ्या मित्राच्या आक्षेपाचं उत्तर या पत्राच्याही आधी आहे. धर्म बदला, सगळं सोपं होईल, हा पर्याय त्यांच्यासमोर होता. आजच्या भाषेत सांगायचं तर ‘प्रोफाइल’ तेवढी बदलायची होती. त्यांनी ती बदलली नाही. निघण्यापूर्वी १८८३ साली बंगालमधल्या श्रीरामपूरला भाषण करून त्यांनी लोकांच्या शंकांना उत्तरं दिली, आणि हिंदू म्हणूनच जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन असं जाहीर सांगितलं. म्हणजे बघा, ऐकणारा बदलला तशी मांडणी बदलली. श्रीरामपूरच्या लोकांच्या शंका वेगळ्या, त्यांना वेगळी उत्तरं. फिलाडेल्फियाच्या कॉलेजची कसोटी वेगळी, त्यांना वेगळं पत्र. पण हेतू तसूभर हलला नाही. वाचणाऱ्याला कळेल असं बोलणं हा दांभिकपणा नाही, तो आदर आहे. वाचणाऱ्याला आवडेल असा माणूस कागदावर तयार करणं, हा दांभिकपणा. माझा साचा नेमकं तेच करत होता.

आता साचा करायला माझीसुद्धा गरज उरलेली नाही. यंत्राला दोन ओळी सांगितल्या की ते अर्ध्या मिनिटात माझ्यापेक्षा झकास इंग्रजीत एसओपी लिहून देतं. एका परीनं बरंच झालं. गिरणी घरोघरी आली, माझी सुटका झाली! पण यंत्रही माझ्यासारखंच आहे. तुम्ही सांगाल तेवढंच त्याला माहीत. डीपीबद्दल तेही आपणहून विचारणार नाही.

म्हणून माझं एक सुचवणं आहे, आणि ते कॉन्व्हेंटच्या मुलीकडून येतंय याचं तुम्हाला हसू येईल. एसओपी आधी मराठीत लिहा. मराठीत म्हणजे पुस्तकी मराठीत नाही, घरी फोनवर बोलता तशी. ‘मी काय केलं आणि का केलं’ हे आईला सांगताय असं समजून एक पान. आईला ‘अद्ययावत प्रयोगशाळा’ सांगून चालत नाही, ती लगेच विचारते, “म्हंजे काय केलंस नेमकं?” हा प्रश्न कुठल्याही ॲडमिशन कमिटीपेक्षा कडक आहे. त्यातून जे उरेल ते इंग्रजीत न्या. व्याकरण तपासायला मी आहेच, पण यापुढे माझ्या दारात येणाऱ्यांना मी आधी अर्धा तास प्रश्न विचारणार, मगच पेन उचलणार.

आणि सर, मॅडम, थोडं धाडस करून तुम्हालाही एक विनंती. शिफारसपत्र ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ ही पद्धत सोयीची आहे, पण त्यामुळे एसओपीचा साचा आणि शिफारसपत्राचा साचा एकाच गिरणीतून निघतात. ताईच्या प्रोजेक्टबद्दल तुम्ही व्हायव्हात जे दोन अवघड प्रश्न विचारले होते, तेवढे जरी तुमच्या शब्दांत शिफारसपत्रात आले असते तरी ते पत्र वेगळं झालं असतं. सहाव्या सेमिस्टरला एक संध्याकाळ ठेवता येईल का, जिथे प्रत्येकानं आपल्या कामाबद्दल मराठीत पाच मिनिटं बोलायचं आणि तुम्ही फक्त ‘का?’ विचारायचं?

ताईचं पुढे काय झालं, हे विचाराल. या वर्षी तिनं तीनच अर्ज केले, तीन वेगळ्या एसओपी, तिन्ही स्वतः लिहिलेल्या. मी फक्त स्पेलिंगं बघितली. हा अंक छापायला जाईपर्यंत एक नकार आला आहे आणि दोन उत्तरं यायची आहेत. पण त्या दोनांतल्या एका प्राध्यापकानं ईमेल करून विचारलं की दोन मोटरींमध्ये दहा सेकंदांचंच अंतर का ठेवलं? सात अर्जांना जे मिळालं नव्हतं ते या एका अर्जाला मिळालं. कुणीतरी वाचलं, आणि प्रश्न विचारला. ताईनं उत्तर लिहायला मला बोलावलं नाही. तिला ते येत होतं.

आपल्याकडे दुसरीही एक म्हण आहे, ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी.’ कुठेच जमलं नाही तर परभणी आहेच, अशी. मी ती जरा उलटी करून म्हणेन. परभणी नंतरसाठी राखून ठेवू नका. ती आधीच, एसओपीच्या पहिल्या परिच्छेदात आणा. जर्मनी पुढची पुढे!

— एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष